हवेतला अर्धा तास

मुंबई ते पुणे हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, आगगाडीने १९२. विमान हवेत असते जेमतेम अर्धा तास. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आत्याच्या दुखण्याचा फोन आला, तेव्हा ही मौलिक माहिती भाच्याने पुरवली. "मामा, विमानानं जा. अर्ध्या तासात आत्याआजीसमोर!"

गेलो. दादरहून विमानतळ सव्वा तास. तिथे तासभर आधी हजेरी. पुढे 'किंचित विलंब' म्हणून दोन तास. बाकावर बसून करायचे काय? मी मनातल्या मनात बोरघाटाचा इतिहास उजळायला घेतला.

१८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्यापूर्वी पालखी, तट्टू, नाहीतर देवाने दिलेले पाय. पुढे आगगाडी आली, पण हप्त्याहप्त्याने. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला घाट तसाच! म्हणजे खोपोलीला उतरायचे, पालखीत किंवा तट्टावर बसून वर चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. दोन्हीकडे वाफेचे इंजिन, मध्ये तट्टू. माझे नेमके उलटे होते : मध्ये विमान आणि दोन्हीकडे तट्टू. फक्त आताच्या तट्टाला मीटर असतो.

ती मधली फट बुजवायला १८६३ उजाडले. पंचवीस बोगदे खोदावे लागले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट स्वतःकडे घेऊन काम तडीस नेले. तिचे नाव निदान राहिले. पटकीने, तापाने, दरडींखाली गेलेल्या हजारो मजुरांची नावे कोणी घेत नाही. आपण मात्र बोगदा आला की खिडकीतून 'ऊऽऽ' करून ओरडतो. वाचलेल्या वेळाची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते, हे तिकिटावर छापत नाहीत.

१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. तेव्हा ती पावणेतीन तासांत पुण्याला पोचायची. आता तिला तीन तासांहून जास्त लागतात. राणी झाली तरी वय होणारच की! २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हा घाटही उरकला असे वाटले होते. आता सुट्टीच्या दिवशी त्याच घाटात मोटारींच्या रांगा लागतात आणि माणसे खाली उतरून चणे खातात.

एवढा इतिहास होईतो विमान सुटले. लोहगावला उतरून, सामानाची वाट पाहून, रिक्षावाल्याची मनधरणी करून सदाशिव पेठेत पोचलो, तेव्हा घरून निघाल्याला साडेसहा तास झाले होते.

आत्या उशीला टेकून बसली होती.

"कशानं आलास रे बाळ्या?"

"विमानानं."

"मग एवढा उशीर? दुपारपासून दाराकडं बघतेय. सरळ बसनं यायचंस. दोन घटका जास्त बोललो असतो."

आठवड्याभराने आत्या गेली. भाचा अजूनही मुंबई-पुणे अर्धा तासच सांगतो. मी वाद घालत नाही. पण त्या दिवसाचा हिशेब मात्र मी आत्याच्या दारापासून मांडतो आणि तो दर वेळी दोन घटका कमीच भरतो.