पोपटी (खाद्यपदार्थ)

पोपटी हा महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, विशेषतः अलिबाग परिसरात, हिवाळ्यात केला जाणारा खाद्यपदार्थ आहे. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी मातीच्या मडक्यात भरून त्याचे तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद करतात व मडक्याभोवती जाळ करतात. यात पाणी घालत नाहीत. या क्रियेस 'पोपटी लावणे' असे म्हणतात. कोंबडी व अंडी वगळून शाकाहारी पोपटीही लावली जाते.

हंगाम

कोकणात भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वालाचे पीक घेतात. त्याच्या शेंगा हिवाळ्यात भरतात. भांबुर्डा (ब्लुमिया लॅसेरा) ही सूर्यफूल कुलातील उग्र वासाची वनस्पतीही याच काळात शेतात व बांधावर आपोआप उगवते. शेंगा आणि पाला एकाच वेळी शेतात उपलब्ध असल्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी हा पोपटीचा मुख्य काळ ठरतो.

साहित्य आणि कृती

वालाच्या शेंगा धुऊन त्यांना जाडे मीठ व ओवा चोळतात. तुरीच्या शेंगा, बटाटे, रताळी व कांदेही घेतात. कोंबडीला आले, लसूण, हळद, तिखट व मीठ लावून ती काही वेळ मुरू देतात. कोंबडी अख्खी असल्यास तिला खोल चिरा देतात. मसाला सुटू नये म्हणून ती केळीच्या पानात गुंडाळण्याचीही पद्धत आहे.

मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर शेंगांचा थर देतात. मध्यभागी कोंबडी, अंडी व बटाटे ठेवून पुन्हा शेंगा भरतात. शेवटी तोंडाशी पाला दाबून बसवतात आणि मडके जमिनीवर उपडे ठेवतात. भोवती गोवऱ्या, पेंढा, सुक्या काटक्या किंवा नारळाच्या झावळ्या रचून पेटवतात. साधारण अर्ध्या ते पाऊण तासानंतर तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडाले, तर पोपटी तयार झाली असे मानतात.

शिजण्याची प्रक्रिया

शेंगा, पाला व कोंबडी यांतील ओलाव्याची वाफ मडक्यात कोंडली जाते आणि तिच्यावर आतील पदार्थ शिजतात. मडक्याच्या कडेला लागलेल्या शेंगा कोरड्या उष्णतेने भाजून किंचित करपतात. पाश्चात्त्य पद्धतीच्या धूरीकरणात अख्खी कोंबडी झाकणाच्या शेगडीत निखाऱ्यापासून दूर ठेवतात आणि लाकडाचा धूर तिच्याभोवती फिरवतात. पोपटीत जाळ व बराचसा धूर मडक्याबाहेरच राहतो. तिचा विशिष्ट गंध मुख्यतः भांबुर्ड्याच्या पाल्यातून येतो. दक्षिण गुजरातमधील उंबाडियु हा पदार्थही मडक्यात अशाच प्रकारे करतात.

कोंबडी शिजल्याची खात्री

पाणी शिंपडून केलेल्या परीक्षेतून मडक्याची भिंत किती तापली आहे हे कळते. मध्यभागी ठेवलेली कोंबडी शिजली की नाही हे कळत नाही. अर्धवट शिजलेल्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू जिवंत राहू शकतात. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्यास ती खाण्यास सुरक्षित मानली जाते. मांसाचा रंग किंवा निघणारा रस यांपेक्षा तापमापकाची नोंद अधिक भरवशाची असते. अख्ख्या कोंबडीपेक्षा लहान तुकडे लवकर व सारखे शिजतात. मडके उघडताना कोंडलेली वाफ एकदम बाहेर येत असल्याने तोंड दूर ठेवावे लागते.

मुंबई उपनगरांत

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांसारख्या उपनगरांतील दाट वस्तीत इमारतींना मोकळे अंगण क्वचितच असते. तेथे उघड्यावर पेंढा किंवा पाला जाळल्यास आगीचा धोका संभवतो आणि धुराचा त्रास शेजाऱ्यांना होतो. शहरातील हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. घरी हा पदार्थ जाड बुडाच्या झाकणबंद भांड्यात, केळीची पाने घालून, गॅसच्या मंद आचेवर करता येतो. मात्र भांबुर्ड्याचा गंध आणि मडक्यात भाजलेल्या शेंगांची चव त्यात उतरत नाही. त्यामुळे मूळ स्वरूपातील पोपटी आजही शेतावरच लावली जाते.