भाड्याचा गुप्तहेर



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे इंग्रजी मी रद्दीच्या दुकानातल्या रहस्यकथांवर शिकलो. त्यांचे ऋण मानतो, पण आज एकीकडे थोडा हिशेबही मागणार आहे.

'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' ही जेम्स हॅडली चेस यांची कादंबरी १९३९ साली लंडनला निघाली. लेखकाचे खरे नाव रेने रेमंड. पुस्तकांच्या घाऊक विक्रेत्याकडे नोकरी केल्यामुळे गिऱ्हाईक काय मागते हे त्याला पक्के ठाऊक. अमेरिकन बोलीचा कोश आणि नकाशे पुढ्यात घेऊन या इंग्रजाने अमेरिकेची गोष्ट रचली. कोट्यधीशाची मुलगी गुंड पळवतात, पोलीस हात टेकतात, तेव्हा बाप डेव्ह फेनर या खाजगी गुप्तहेराला पैसे मोजून नेमतो.

१९४० साली लंडनवर बाँब पडत असताना हे पुस्तक धडाक्याने खपले. १९४४ साली जॉर्ज ऑर्वेल यांनी त्यावर कोरडे ओढले. त्यांचा आक्षेप असा की, यात पोलीस आणि दरोडेखोर यांच्या रीती सारख्याच. पूजा होते ती फक्त बळाची.

मी कामगार चळवळीतला माणूस. मला पहिला प्रश्न सुचतो तो हा, की फेनरला पैसे कोण देतो?

जुलै १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यात तंटा पेटला. व्यवस्थापनाने पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीची सुमारे ३०० माणसे बंदुकांसह नदीमार्गे आणली. गोळीबारात दोन्हीकडचे लोक मेले, आणि अखेर कामगार हरले. इतिहासातला भाड्याचा गुप्तहेर तो हा!

डॅशिएल हॅमेट यांनी स्वतः पिंकर्टनची नोकरी केली होती. त्यांच्या 'रेड हार्वेस्ट' (१९२९) मध्ये संप मोडायला आणलेले गुंडच पुढे गावाचे धनी होऊन बसतात. चेसपर्यंत येता येता ही आठवण गळाली. उरला तो निधडा वीर आणि त्याचा ठोसा.

मग असली पुस्तके वाचू नयेत का? कामाची पाळी करून, रात्री बाँबच्या भयाने तळघरात बसलेल्या माणसाला, कोणी एक शूर येऊन सोडवील असे वाटले, तर त्या आशेला मी हसणार नाही. परंतु शेवट ध्यानात ठेवा. मुलगी सापडते, आणि सुटकेनंतर खिडकीतून उडी टाकून जीव देते. भाड्याच्या वीराने ती शोधून दिली; तिला वाचवणे त्याच्या हाती नव्हते.