पश्चिम सरोवराच्या काठीं



विद्यार्थ्यांस घेऊन एखादें रम्य स्थळ पाहावयास जाणें हा शिक्षकाच्या आयुष्यांतील मोठा आनंद असतो. परंतु त्यांत एक धोकाहि असतो. मुलें डोंगर पाहतात, पाणी पाहतात, 'किती सुंदर!' म्हणतात आणि परत फिरतात. हें सौंदर्य आपोआप उत्पन्न झालें आणि आपोआपच टिकलें, अशी त्यांची समजूत होऊन बसते. ती दूर करावयाची असेल तर चीनमधील हांगचौ शहरासारखें दुसरें पाठ्यपुस्तक क्वचितच सापडेल. म्हणून आज मनानें विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन आपण तेथें जाऊं.

हें शहर शांघायच्या नैर्ऋत्येस, च्यानतांग नदीच्या तीरावर वसलें आहे. शहराच्या पश्चिमेस सरोवर, म्हणून त्याचें नांवच पश्चिम सरोवर. त्याच्या तीन बाजूंस टेकड्या आणि चवथ्या बाजूस शहर. पूर्वीं येथें समुद्राची उथळ खाडी होती. गाळानें तिचें मुख बंद झालें व आंत सरोवर राहिलें. ज्या गाळानें त्यास जन्म दिला, तोच गाळ पुढें त्याचा शत्रु ठरला. कारण उथळ पाण्यांत पाणवनस्पति माजतात, त्या कुजून तळ वर येतो, आणि कालांतरानें तळ्याचें शेत होतें.

या सरोवराची काळजी लोकांस वाटली ती प्रथम शोभेसाठीं नव्हे. समुद्र जवळ असल्यामुळें शहरांतील विहिरींस खारें पाणी लागे. इ. स. ७८१ च्या सुमारास ली बी या अधिकाऱ्यानें सहा विहिरी बांधून त्यांत सरोवराचें गोडें पाणी नळांनीं आणिलें. पुढें ८२२ ते ८२४ या काळांत प्रसिद्ध कवि बाइ ज्यू-यी हा येथें प्रांताधिकारी होता. त्यानें बांध उंच करून शेतीस पाणी पुरविलें, आणि पाणी केव्हां व किती सोडावें याचे नियम शिळेवर कोरून ठेविले.

दुसरा कवि सू शी. तो १०७१ मध्यें दुय्यम अधिकारी म्हणून आला, तेव्हां सरोवराचा दोन-तीन दशांश भाग वनस्पतींनीं व्यापिला होता. १०८९ मध्यें तो मुख्य अधिकारी होऊन परत आला, तों निम्मे सरोवर नाहींसें झालेलें! आणखी वीस वर्षांत तें मुळींच उरणार नाहीं, असा अर्ज त्यानें १०९० मध्यें बादशहाकडे धाडला. त्या वेळीं त्या प्रांतांत दुष्काळ होता. दुष्काळनिवारणांतून उरलेले पैसे व धान्य त्यानें मजुरीकडे लाविलें. शिवाय भिक्षुदीक्षेचे शंभर सरकारी दाखले मागून घेतले. भिक्षूंस कर व वेठ यांतून सूट असल्यानें या दाखल्यांस चांगली किंमत येई. आपल्याकडील दुष्काळी कामें आठवणाऱ्यांस ही युक्ति सहज उमगेल.

काढलेल्या गाळाचें काय करावें? सू शीनें त्याचाच दक्षिणोत्तर असा सुमारें पावणेतीन किलोमीटरांचा बांध घातला, त्यावर सहा पूल बांधिले आणि कडेनें वाळुंजाची झाडें लाविलीं. ज्या बांधावर प्रवासी आज रमतात, तो मुळांत गाळाचा ढीग होय!

आतां विद्यार्थ्यांस पाण्यांतील तीन लहान दगडी मनोरे दाखवावेत. चीनच्या एक युआनच्या नोटेवर त्यांचें चित्र आहे. सू शीनें कांठचें पाणी शिंगाड्याच्या लागवडीस खंडानें दिलें. कारण शिंगाडा लावणारा दर वसंतांत वनस्पति उपटून टाकतो. मात्र लागवड आंत सरकून पुन्हा गाळ सांचूं नये, म्हणून हद्द दाखविण्यासाठीं त्यानें तीन मनोरे उभारिले. सध्यांचे मनोरे नंतरच्या मिंग काळांतील आहेत. चंद्रप्रकाशांत त्यांची शोभा पाहणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल कीं, मुळांत ते शेताचे हद्दीचे दगड होते?

तरीहि काम संपलें नाहीं. पुढील राजवटींत पुन्हा दुर्लक्ष झालें आणि श्रीमंतांनीं सरोवरांत शेतें केलीं. १५०८ मध्यें यांग मंग-यिंग या अधिकाऱ्यानें त्यांचा रोष पत्करून तीं शेतें मोडलीं व पाणी मोकळें केलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि मोठ्या प्रमाणावर गाळ काढावा लागला. २०११ मध्यें युनेस्कोनें या सरोवराची जागतिक वारशांत गणना केली. तो मान निसर्गाइतकाच या बाराशें वर्षांच्या राबणुकीचाहि आहे.

'तळें राखील तो पाणी चाखील' ही आपली म्हण आपण बहुधा उपरोधानें वापरतों. हांगचौच्या लोकांनीं ती सरळ अर्थानें खरी केली. परतीच्या वाटेवर शिक्षकानें मुलांस एवढेंच विचारावें: आपल्या गांवचें तळें आज कोण राखतो?