आधी कुणाला?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मुंबई महापालिकेचं क्रांतिवीर महात्मा जोतिबा फुले रुग्णालय होतं. इमारत धोकादायक ठरली, रिकामी करावी लागली, आणि इथल्या कितीतरी लोकांची वाट घाटकोपरच्या राजावाडीकडे वळली. प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर आणि एक्स-रे सांभाळत बसची वाट पाहणारी म्हातारी माणसं दिसली, की मला वाटतं आपला विषय इथूनच सुरू व्हावा. रिक्षाभाडं, बुडालेला रोज, सोबत आलेल्या मुलाची रजा. यातला एक रुपयाही रुग्णालयाच्या हिशेबात चढत नाही, पण तो कुणाच्या तरी खिशातून जातोच.

आरोग्यसेवेतल्या मर्यादित संसाधनांच्या वाटपाच्या या अभ्यासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकाचं मनापासून स्वागत. इथे आकडेमोड आहे, पण ती शेवटी माणसांचीच आहे. अतिदक्षता विभागात पाठवलेली परिचारिका त्या पाळीत प्रसूतिकक्षात नसते. अर्थशास्त्र याला संधी खर्च म्हणतं. आणि निर्णय टाळला तरी वाटप व्हायचं थांबत नाही. गेल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात थोडी भर घालून पुढचं वर्ष काढणं हाही निर्णयच, फक्त त्याचं कारण कुणी विचारलेलं नसतं.

असे निर्णय विचारपूर्वक घ्यायची साधनं पुष्कळ आहेत. औषधभांडारातलं एक मला विशेष आवडतं. औषधांची एक विभागणी खर्चानुसार अ, ब, क अशी करायची. दुसरी जीवरक्षक, आवश्यक आणि इष्ट अशी. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायच्या. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन स्वस्त, म्हणून खर्चाच्या यादीत तळाशी. पण ते संपलं तर समोरचा रुग्ण हातचा जातो. महागडं टॉनिक आठवडाभर थांबू शकतं. मोठ्या प्रमाणावर हाच विचार ब्रिटनने 1999 साली उपचारांची किफायत तपासणारी नाइस ही संस्था स्थापून केला. आपल्याकडे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची राष्ट्रीय यंत्रणा 2017 मध्ये आली.

पण किफायत मोजली म्हणजे न्याय झाला असं नाही. 2020 च्या उन्हाळ्यात, कोविडच्या साथीत, मुंबईत सौम्य लक्षणांची माणसं खाटा अडवून होती आणि धाप लागलेली माणसं दारोदार फिरत होती. जूनमध्ये महापालिकेने 24 विभागांत 24 वॉर रूम उभ्या केल्या. कन्नमवार नगर ‘एस’ विभागात येतं. बाधिताचा अहवाल त्याच्या विभागाच्या वॉर रूमकडे जाऊ लागला. डॉक्टरांनी लक्षणं, ऑक्सिजनची पातळी, वय, जुने आजार विचारायचे आणि मग खाट ठरवायची. खाटा वाढवणं गरजेचं होतंच, पण आधी कुणाला हे ठरवायचा नियम सापडला, तो मला तितकाच मोलाचा वाटतो.

तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स आणि मनोविकारतज्ज्ञ जेम्स सॅबिन या दोघांनी 1997 मध्ये अशा नियमांसाठी अटी मांडल्या: कारण जाहीर हवं, ते लोकांना पटण्याजोगं हवं, त्यावर दाद मागता यावी, आणि हे सगळं पाळलं जातंय ना हे पाहणारं कुणीतरी हवं. पुढची प्रकरणं वाचताना या चार अटी हाताशी असू द्या.

आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. घराजवळच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी तासभर उभे राहा. ‘बाहेरून आणा’ म्हणून कोणत्या औषधांच्या चिठ्ठ्या परत येतात, ते वहीत लिहून घ्या.