मत्स्यपेटीचा दिवा : स्वस्त की महागडा?

मत्स्यपेटी विकत घेताना काच, फिल्टर आणि मासे यांचा विचार होतो. दिव्याचा मात्र सर्वांत शेवटी. पेटीतील वनस्पती जगणार की कुजणार, हे बरेचसे त्या दिव्यावरच अवलंबून असते.

माशांना दिवस-रात्रीचे भान राहण्यापुरता प्रकाश पुरतो. वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. खोक्यावरील 'ल्युमेन' हे मानवी डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप असल्याने त्यावरून वनस्पतींची गरज नेमकी कळत नाही. महागड्या दिव्यांसोबत अनेकदा खोलीनुसार उपयुक्त प्रकाशाचा तक्ता, तीव्रता कमी-अधिक करण्याची सोय आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे आवरण मिळते.

केवळ मासे, किंवा जावा फर्न व अनुबियस यांसारख्या कमी प्रकाशात वाढणाऱ्या वनस्पती असतील, तर ६५०० केल्विनच्या आसपासची साधी एलईडी पट्टी पुरेशी ठरते. तळाशी हिरवळ पसरवणाऱ्या वनस्पती, दीड फुटाहून खोल पेटी किंवा खाऱ्या पाण्यातील प्रवाळ असल्यास मात्र दर्जेदार दिव्याला पर्याय नाही. तथापि, खत व कार्बन डायऑक्साइड यांचा मेळ नसताना प्रखर दिवा लावल्यास शेवाळच फोफावते. सुरुवातीस टायमर लावून रोज ६ ते ८ तासच प्रकाश द्यावा.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. उष्णतेमुळे एलईडी व त्याच्या अडॅप्टरचे आयुष्य घटते; म्हणून बंद झाकणाखाली दिवा कोंडू नये. बोअरचे पाणी कठीण असल्यास दिव्याच्या आवरणावर क्षारांचा पांढरा थर बसतो व प्रकाश घटतो. दिवा बंद करून, प्लग काढून तो थर आठवड्यातून एकदा पुसावा.

विजेच्या खर्चाचा हिशेब सोपा आहे. १० वॅटचा दिवा रोज ८ तास लावल्यास महिन्याला २.४ युनिट, तर ४० वॅटचा ९.६ युनिट वीज लागते.

काटकसर कोठेही करावी, सुरक्षिततेत करू नये. पाण्यापासून संरक्षणाचा 'आयपी' दर्जा तपासावा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. घरात आरसीसीबी बसवलेला असावा. आधी वनस्पती ठरवाव्यात, मग पेटीची खोली मोजावी आणि त्यानंतरच किंमत विचारावी.