एक चित्रपट, दोन खेळ : ‘गेम बॉय’वरील ‘बॅटमन’चा साधन म्हणून विचार

लोकप्रिय चित्रपटावरून तयार झालेल्या व्हिडिओ खेळाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने साधन म्हणून पाहावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मूळ कृती चित्रपट, खेळ ही तिची प्रतिकृती आणि हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी केलेला खेळ म्हणजे त्या प्रतिकृतीचाही संक्षेप, अशी उतरंड सामान्यतः गृहीत धरली जाते. १९९० साली ‘गेम बॉय’ या यंत्राकरिता निघालेला ‘बॅटमन’ हा खेळ बारकाईने पाहिला असता मात्र ही उतरंड टिकत नाही.

टिम बर्टन यांनी दिग्दर्शित केलेला ‘बॅटमन’ हा चित्रपट जून १९८९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘गेम बॉय’ विक्रीस आणला होता. हे यंत्र गुनपेई योकोई यांच्या विभागात घडले. अद्ययावत तंत्रामागे धावण्यापेक्षा जुने, स्वस्त व कसोटीस उतरलेले तंत्र नव्या उपयोगास लावावे, हे योकोई यांचे सूत्र होते. त्यास अनुसरून या यंत्राला रंगीत पडदा देण्यात आला नाही. पडदा १६० बाय १४४ पिक्सेलांचा, छटा अवघ्या चार, मुख्य कार्यस्मृती ८ किलोबाइटची आणि हलत्या आकृतींचे तुकडे एका वेळी फार तर ४०, त्यातही एका आडव्या ओळीवर १० च. हे आकडे निव्वळ तांत्रिक तपशील नव्हेत. कथेला या यंत्रावर कोणते रूप घेता येईल, याच्या त्या सीमारेषा होत.

सनसॉफ्ट या जपानी कंपनीने याच चित्रपटावरून दूरदर्शनसंचाला जोडावयाच्या निन्टेन्डोच्या घरगुती यंत्राकरिता १९८९ च्या अखेरीस एक खेळ काढला आणि पुढील वर्षी ‘गेम बॉय’करिता दुसरा. नाव एक, कंपनी एक, परवाना एका चित्रपटाचा. तरीही दुसरा खेळ हा पहिल्याचा संक्षेप नव्हे. घरगुती यंत्रावरील बॅटमन भिंतीवरून भिंतीवर झेपावतो आणि मुख्यतः मुष्टिप्रहाराने लढतो. ‘गेम बॉय’वरील बॅटमनची आकृती अगदी इवलीशी असून त्याच्या हाती बंदूक आहे. रसायनांचा कारखाना, कलासंग्रहालय, विमानातून होणारी लढाई व अखेरीस कॅथेड्रल हा चित्रपटातील स्थलक्रम खेळाने राखला आहे; बदलला तो नायकच.

या बदलाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी या पात्राचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. बॉब केन व बिल फिंगर यांनी १९३९ मध्ये निर्माण केलेल्या या नायकाच्या हाती प्रारंभीच्या काही कथांत पिस्तूल दिसते. परंतु लवकरच संपादकीय धोरणाने ते काढून घेतले आणि बंदुकीचा त्याग हाच पुढे त्याच्या शीलाचा गाभा ठरला. चित्रपटातही, वाहनांवरील शस्त्रे वगळता, बॅटमनची भिस्त मूठ व नानाविध उपकरणे यांवरच आहे. अशा स्थितीत खेळातील बंदुकीचा उगम कथेत न शोधता यंत्रात शोधणे अधिक सयुक्तिक होय. इवल्या आकृतीचा मुष्टिप्रहार मोजक्या पिक्सेलांतच संपतो. करड्या-हिरव्या पडद्यावर तो नीट दिसणेही कठीण. दूरवर जाणारी गोळी मात्र स्पष्ट दिसते. हे अनुमान आहे खरे. तथापि खेळाच्या एकंदर रचनेशी ते जुळते.

हा प्रकार अपवादात्मकही नव्हता. सॅम रायमी यांच्या ‘स्पायडर-मॅन २’ (२००४) या चित्रपटावरून ट्रेयार्क या संस्थेने घरगुती यंत्रांसाठी केलेल्या खेळात मॅनहॅटनभर मुक्त संचार करता येतो. त्याच नावाचे ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ व ‘निन्टेन्डो डीएस’वरील खेळ अनुक्रमे डिजिटल इक्लिप्स आणि व्हिकॅरियस व्हिजन्स या संस्थांनी केले. त्यांनी डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या दृश्याची जुनी पद्धती कायम ठेवली. घरगुती यंत्रांवर मागे पडत चाललेला एक रचनाप्रकार अशा रीतीने या छोट्या पडद्यांच्या आश्रयाने टिकून राहिला.

यातून साधनचिकित्सेचा एक साधा नियम निष्पन्न होतो : केवळ शीर्षकावरून कृतीची ओळख पटवू नये. तो पाळावयाचा तर प्रत्येक आवृत्ती प्रत्यक्ष उपलब्ध असावयास हवी, आणि खरी अडचण येथेच आहे. अशा खेळावर चित्रपटकंपनी, पात्राची मालक संस्था व खेळाचा प्रकाशक अशा अनेकांचे हक्क असतात. परवान्याची मुदत संपली की पुनःप्रकाशनाची वाट बहुधा बंद होते. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या व्हिडिओ खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. संशोधकांना ग्रंथालयांतील असे खेळ दुरूनही अभ्यासता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य केली.

चित्रपट जतन झाला म्हणजे त्याच्या नावाचे खेळही जतन झाले, असा समज म्हणूनच घातक ठरतो. बंदूकधारी बॅटमन चित्रपटात नाही, घरगुती यंत्रावरील त्याच्या भावंडातही या रूपात नाही. तो केवळ त्या एका कार्ट्रिजमध्ये आहे. ते नष्ट झाल्यास एका यंत्राने एका कथेशी केलेल्या व्यवहाराचा मूळ पुरावाच नाहीसा होईल, आणि त्याची भरपाई दुसऱ्या कोणत्याही साधनाने होण्यासारखी नाही.