उजनीचा गाळ, फ्लेमिंगोची चोच आणि समुद्रातला पाकट

मंडळी, उजनी किती टक्के झाली हे आपल्याकडं शाळकरी पोरगंही सांगतं. ऊस, पिण्याचं पाणी, कारखान्याचा हंगाम, सगळं त्या आकड्यावर चालतं. त्याच आकड्यावर आणखी एकाचं पोट आहे. हिवाळा लागला की भिगवण, कुंभारगाव आणि अलीकडं आपल्या करमाळा तालुक्याच्या काठाला उतरणारा फ्लेमिंगो. पुस्तकात त्याला रोहित म्हणतात, कुणी अग्निपंख म्हणतं.

थोडा इतिहास बघू. टेंभुर्णीजवळ भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. गावंच्या गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, ते अजून दुष्काळात डोकं वर काढतं. साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृत. म्हणून तर आपली उजनी 'उणे'त जाते, बाहेरच्या माणसाला हे समजावता समजावता नाकी नऊ येतात. या जलाशयाची फुगवट्याची जमीन सपाट आहे. पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर उघडा पडतो, आणि मागं राहतो तो चिखल आणि घोटाभर पाणी. फ्लेमिंगोला नेमकं तेच लागतं. तो बदकासारखा खोल पाण्यावर पोट भरणारा नाही, उभं राहून खाणारा आहे.

त्याचं खाणं बघण्यासारखं असतं. मान खाली, डोकं उलटं, चोचीची वरची बाजू चिखलाकडं. पायानं गाळ ढवळायचा, जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी पुढंमागं करायची, पाणी आत ओढायचं आणि बाहेर फेकायचं. चोचीच्या कडेला बारीक पट्ट्यांची चाळणी असते. तिच्यात किड्यांच्या अळ्या, बारके शंख, झिंग्याच्या जातीचे जीव, शेवाळ, बिया अडकतात. गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. खाणं बदललं की रंग फिका पडतो.

हीच युक्ती समुद्रात दुसऱ्या एका जीवानं केलीय. कोकणात ज्याला पाकट म्हणतात, त्याच घराण्यातला सगळ्यात मोठा मांटा. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटर भरू शकतो. एवढं धूड, पण शिकार करत नाही. तोंड उघडं ठेवून पोहतो आणि कल्ल्यांतल्या चाळणीनं पाण्यातले बारके जीव गाळून घेतो. खाणं दाट असलं की जागच्या जागी कोलांट्या मारतो. त्याची तीच चाळणी त्याच्या जिवावर उठली. चीनमध्ये औषध म्हणून ती वाळवून विकली जाऊ लागली. मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांच्या अंतरानं. असा जीव ओढून काढला की भरून निघत नाही. 2013 साली बँकॉकच्या परिषदेत जगभरातल्या देशांनी मांटाच्या व्यापारावर बंधन घातलं. आपल्या सरकारनं 2018 मध्ये एक शहाणपणाचं काम केलं: जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव सोडण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. गरीब माणसाला नुसता कायदा दाखवून भागत नाही, त्याच्या जाळ्याचे पैसे कोण देणार हेही सांगावं लागतं.

फ्लेमिंगोचंही तसंच, जोडीला हंगामात एकच अंडं. घरटी कच्छच्या रणात, चिखलाच्या बुटक्या बुरुजांवर. सलीम अली 1945 साली तिथं जाऊन ती वसाहत बघून आले होते. रणात पाऊस कमी-जास्त झाला की ते वर्ष वाया. म्हणजे उजनीत दिसणारा थवा हा कुणाच्या तरी अनेक वर्षांच्या कमाईचा असतो.

आता अडचण सांगतो. उजनीच्या गाळात अळ्या भरपूर का, तर पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं म्हणून. मैल्याच्या गाळात काही अळ्या जोमानं वाढतात, शेवाळ फोफावतं. पक्षी आले म्हणजे पाणी चांगलं, असं जे काही जण सांगत फिरतात ते खरं नाही. याच पाण्यात एके काळी देशी मासा होता, आज जाळ्यात चिलापीच जास्त येते. हेच पाणी सोलापूर पितं, पंढरपूर पितं. त्याच गाळात रसायनंही बसतात आणि खालच्या अळीपासून वरच्या चोचीपर्यंत जातात.

दुसरं, पाण्याची पातळी. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेली. काठ इतके लांब सरकले की चिखल वाळून भेगाळला. उलट मे महिन्यातच धो धो पाऊस झाला की उथळ जागा बुडतात. आवर्तन कधी सोडायचं यावर आपल्याकडं मोर्चे निघतात, निघायलाच पाहिजेत. पण कालवा समितीच्या बैठकीत पक्ष्याचा विषय निघाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, वाळूच्या बोटी फिरतात. महसूलवाले त्या जिलेटिननं उडवतात, महिन्यानं नव्या येतात.

आपल्याच जिल्ह्यात नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसला तर ती बातमी होते. कागद होता, पण माळ राहिला नाही.

कुंभारगावचे मच्छीमार पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात, चार पैसे मिळतात. हे मला सगळ्यात खरं संरक्षण वाटतं. फक्त थव्याच्या मधोमध होडी घालू नका, असं तेच पर्यटकांना सांगतात आणि पर्यटक फोटोसाठी हट्ट करतात. उडालेला थवा फोटोत छान दिसतो, पण तेवढ्या वेळाचं त्याचं खाणं बुडतं. या हिवाळ्यात जाणार असाल तर होडीवाल्याचं ऐका, आणि करमाळ्याच्या बाजूनंही जाऊन बघा. तिकडं गर्दी कमी असते.